धार मोडली होती का?

माझा धाकटा भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि त्याला अजून शर्यतीत उतरायचं असतं. मातीच्या ट्रॅकवर, चार जाड टायरांच्या क्वाड बाइकवर. दोन वर्षांपूर्वी त्याने एक जुनी टू-स्ट्रोक क्वाड मिळवली. तसल्या आता कोणी बनवत नाही. ज्यांच्याकडे आहेत ते त्या जीव लावून सांभाळतात आणि सांभाळता सांभाळता त्यांची ताकद वाढवत बसतात. आमच्याकडे ते काम माझ्या वाट्याला आलं. मी सरकारी कारखान्यात इंजिनांच्या चाचणी विभागात तीस वर्षं काढली होती. रिटायर झाल्यावर हाताला काम हवंच होतं. जे. पी. नगरच्या घरात खाली मी एकटी, वर तो आणि त्याची बायको. खालची गाडी ठेवायची जागा आम्ही कधीच वर्कशॉप करून टाकली होती.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला आतल्या बाजूने खिडक्या असतात. जळलेला वायू बाहेर जातो ती एक्झॉस्ट पोर्ट, सगळ्यात मोठी. ती थोडी उंच, थोडी रुंद केली की वरच्या वेगात इंजिन असं काही ओढतं की पहिल्यांदा बसणारा घाबरतोच. पण पिस्टनवर एक बारीक रिंग असते, ती या खिडकीवरून सतत वर-खाली धावत असते आणि खिडकीशी आल्यावर किंचित बाहेर फुगते. खिडकीची कड धारदार राहिली तर रिंग तिथे अडकून तुटते. तुकडे पिस्टनशेजारी घुसतात, इंजिन जागच्या जागी आवळतं, मागची चाकं थांबतात आणि माणूस पुढे फेकला जातो. मागून गाडी येते ती त्याच्या अंगावर. म्हणून पोर्ट कापल्यावर कड चारी बाजूंनी जराशी गोल करायची. आम्ही त्याला धार मोडणं म्हणायचो. पंधरा मिनिटांचं काम आहे. पण ते राहून चालत नाही.

गेल्या डिसेंबरात मी त्याच्या सिलिंडरची पोर्ट कापली. गुरुवारी दुपारी सिलिंडर धुतला, संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून इंजिन जोडलं. शुक्रवारी त्याने गल्लीच्या टोकापर्यंत दोन चकरा मारल्या आणि शेजारच्या काकांची बोलणी खाल्ली. शनिवारी सकाळी लवकर तो क्वाड टेम्पोत चढवून इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढच्या ट्रॅकवर सरावाला गेला. रविवारी शर्यत होती.

तो गेल्यावर चहा घेऊन मी वर्कशॉप आवरायला बसले. ग्राइंडरला लावायचे लहान-मोठे दगड डबीत भरत होते. धार मोडायचा बारीक दगड मी या कामासाठी मुद्दाम नवा आणला होता. तो हाताला लागला तेव्हा पाकिटातच होता. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

मी ते पाकीट दोनदा उलटसुलट करून पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले आणि गुरुवार आठवायला लागले. पोर्ट कापल्याचं आठवत होतं. कापता कापता करंट गेला, ग्राइंडर घुं करत थांबला, तेही आठवत होतं. त्यानंतर सरळ सिलिंडर धुतानाचं चित्र, अंगणातला नळ, साबणाचा फेस. मधलं काहीच नाही. करंट आल्यावर दगड बदलायचा आणि धार मोडायची, असं मी ठरवलं असणार. करंट आला, आणि मी सरळ धुवायला घेतला?

भावाला फोन लावला. वाजत राहिला. सरावाच्या वेळी फोन बॅगेत असतो हे मला माहीत होतं, तरी सात वेळा लावला. आठव्यांदा घाईत भलताच नंबर लागला.

जिन्यावरून वर जाऊन भावजयीला हाक मारली. ती केसांना तेल लावत होती.

"अक्का, काय झालं? चेहरा असा का?"

"गाडी काढ. ट्रॅकवर जायचंय."

"पडला का तो?"

"नाही. अजून नाही."

हे 'अजून' माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. तिने तेलाची बाटली तशीच ठेवली, किल्ली घेतली. बी. टी. एम.ची वस्ती तिने भराभर मागे टाकली. सिल्क बोर्डच्या सिग्नलला गाड्या ठप्प झाल्या तेव्हा म्हणाली, "आता सांगा."

मी सांगितलं. रिंग, कड, पाकीट, सगळं. ऐकताना ती समोरच्या बसकडे बघत होती. माझं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "तो किती वेगात असतो हो?"

मी परत त्याचा नंबर लावला. कारखान्यात असताना चाचणीच्या खोलीत एक इंजिन असं आवळलेलं मी पाहिलं होतं. जाड काचेमागे उभी होते तरी मागे सरले होते. पुढच्या क्षणी इतकी शांतता की कानात सूं आवाज यायला लागला. ते इंजिन जमिनीला बोल्टांनी घट्ट बसवलेलं होतं. त्यावर कोणी बसलेलं नव्हतं.

उड्डाणपुलावर चढलो आणि मला वाटलं आता वेग घेता येईल. पुढे कुठेतरी लॉरी बंद पडलेली. दोन्ही बाजूंना कठडा, मागे फिरायला जागा नाही. भावजय हॉर्न वाजवत होती, ज्याचा काही उपयोग नव्हता. मी मनात हिशेब करत होते. सराव नऊला सुरू. आता साडेदहा. दीड तास इंजिन चाललं असेल तर कड घासून आपोआप गोल झाली असेल का? नाही, असं होत नाही. मग इतक्यात रिंग तुटलीच असती की. तुटली नसेल कशावरून? फोन तरी कोणी केला असता? ते सगळे त्याला उचलण्यात असते. असं मी स्वतःशीच दोन्ही बाजूंनी भांडत होते. बंद लॉरीपाशी पोहोचलो तेव्हा भावजयीने एका हाताने डोळे पुसले आणि गाडी उरलेल्या फटीतून काढली.

ट्रॅकच्या फाटकाशी उतरल्या उतरल्या मी आवाज ऐकला. टू-स्ट्रोकचा तो चिरका, वर चढत जाणारा आवाज लांबूनसुद्धा ओळखू येतो. चालू होता. मला रडू फुटलं, पण ते सुटकेचं नव्हतं. आवाज चालू आहे म्हणजे तो अजून त्या इंजिनावर बसलेला आहे.

ट्रॅकच्या कडेला बांधलेल्या दोरीपाशी एक माणूस झेंडे घेऊन उभा होता. मी कन्नडमध्ये ओरडले, "अण्णा, आ गाडी निल्लिसी! थांबवा त्याला!"

"याके, का मॅडम? गाडी चांगली पळतेय."

"इंजिनाचं काम मी केलंय. माझी चूक झालीय. तो मरेल."

आजूबाजूची माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्या माणसाने एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, एकदा हातातल्या पाकिटाकडे. ते पाकीट मी घरापासून मुठीत धरून आणलं होतं. मग त्याने झेंडा उचलला. पण तेवढ्यात भाऊ आमच्या समोरून सुसाट निघून गेला. झेंडा त्याने पाहिलाच नाही.

म्हणजे अजून एक फेरी.

ती फेरी मी कानांनी पाहिली. लांबची सरळ वाट, आवाज वर, आणखी वर. मग मातीच्या उंचवट्यामागे गेल्यावर आवाज एकदम बंद पडला. भावजयीने माझा दंड धरला. तिची नखं रुतली.  आणि मग पुन्हा तडतड करत इंजिन उठलं. त्याने वळणासाठी थ्रॉटल सोडला होता, इतकंच. तो समोर आला, झेंडा पाहिला, आत वळला.

हेल्मेट काढता काढता तो कडाडला, "अक्का! काय हे? आज पहिल्यांदा जमत होतं मला!"

"बंद कर आधी."

"झालं काय पण?"

"पोर्टची धार मोडायची राहिलीय."

"राहिलीय? नक्की?"

"आठवत नाही."

"अगं, राहिलीय की आठवत नाही?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

त्याने इंजिन बंद केलं. इंजिन निवेपर्यंत आम्ही तिघं टेम्पोच्या सावलीत बसलो. मग कूलंट काढून त्याने वरचं हेड उघडलं. पिस्टन खाली नेला आणि तर्जनी आत घालून पोर्टच्या कडेवरून फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. मग हसायलाच लागला. "घाल बोट. लोण्यासारखं आहे."

मी बोट घातलं. कड चारी बाजूंनी गोल होती. टॉर्च धरून पाहिलं तेव्हा कळलं की ते दगडाचं काम नव्हतं. बारीक कानशीचे ओरखडे होते, हाताने मारलेले, डावीकडे झुकलेले. मी डावखुरी आहे. करंट नव्हता म्हणून मी कानस घेऊन उजेडात बसले असणार आणि शांतपणे, नीट, अर्धा तास ते काम केलं असणार. त्या अर्ध्या तासातला एक क्षणही माझ्याजवळ नव्हता.

ते दोघं हसत होते, भावजय हसता हसता रडत होती. मला मात्र तेव्हा जी थंडी भरली तशी उड्डाणपुलावरही भरली नव्हती. आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. तिच्या हातून कामं राहायची नाहीत. उलट, केलेलं ती विसरायची. अंघोळ करून ओले केस घेऊन यायची आणि म्हणायची, माझी अंघोळ व्हायचीय, पाणी काढ. आम्ही वाद घालायचो, नंतर घालेनासे झालो.

हेडखाली सील करायला असतो तो गॅस्केट पुन्हा वापरण्यासारखा राहिला नव्हता आणि दुसरा मिळाला नाही. रविवारची शर्यत चुकली. चार दिवस भाऊ खाली उतरला नाही. मला वाटलं रागावलाय. पाचव्या दिवशी आला, माझ्या पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "आईचं आठवलं ना तुला तिथे?"

"तुला कसं कळलं?"

"मलाही आठवलं. हसत होतो तेव्हाच."

मग आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चित्रं काढायला लावली, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, डोक्याचा फोटो काढला. आज तरी काळजी करण्यासारखं ठोस काही दिसत नाही, म्हणाले, या वयात असं एखादं होतं, पण सहा महिन्यांनी परत या. मी त्यातलं 'आज तरी' तेवढं घरी घेऊन आले.

मी ठरवलं होतं की आता इंजिनाला हात लावायचा नाही. फेब्रुवारीत तो नवा पिस्टन घेऊन खाली आला. बरोबर एक वही होती. "मी एकेक काम वाचतो, तू कर, झालं की मी खूण करतो. सरी? चालेल?"

"आणि खूण करायची तू विसरलास तर?"

"मग दोघंही बसू गॅरेजात, बिघडलेल्या गाड्यांसारखे."

आम्ही तसं काम केलं. मार्चमधल्या शर्यतीत तो चौदा जणांत नववा आला. मी दोरीपाशी उभी होते, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत, आणि आवाज खाली आला की दर वेळी दोरी घट्ट धरत होते. वहीत सगळ्या खुणा होत्या. त्या मी सकाळी तीनदा मोजल्या होत्या.

डॉक्टरांकडे पुन्हा जायची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. भाऊ म्हणतो, स्वल्प लवकर निघू, ट्रॅफिक असतं.