अनसूयाआत्याची पिशवी

एसटी पुरती थांबायच्या आत अनसूयाआत्या खिडकीतून आपली हिरवी पिशवी आत टाकायची. गाडीत चिटपाखरू नसलं तरी! मी हसले की म्हणायची, "जागा धरलेली बरी गो बाई. मानसांचा काय नेम हाय?"

महाडहून वरंधच्या बाजूला आत्याच्या वाडीवरच्या शाळेत मी शिकवायला जाते. करोनात बंद पडलेली ही गाडी शाळा उघडल्या, लग्नं धूमधडाक्यात लागायला लागली, तरी सुरू होईना. आत्याची नात सुजाता महाडला अकरावीत. तिच्या बापाने सांगून टाकलं, "गाडी नाय तर कॉलेज बी नाय." आत्या तडक डेपोत जाऊन साहेबांसमोर ठाण मांडून बसली. ते कंटाळून म्हणाले, "आठवडाभर सोडून बघतो. रिकामी धावली तर बंद."

झालं! आत्याने अख्खी वाडी वेठीला धरली. कुणाला काडेपेटी आणायला पिटाळलं, कुणाला केस कापायला. नवऱ्याला तर "नुसतं बसून या" म्हणून धाडलं. पहिल्या दिवशी गाडी खच्चून भरून गेली. संध्याकाळी मी घरी जायला थांब्यावर उभी, तर महाडहून आलेल्या गाडीतून एकटी सुजाता उतरली. बाकीची वरात गावातल्याच एका टेम्पोतून फुकटात आधीच परतली होती. आत्यासकट!

नातीला न्यायला थांब्यावर आलेल्या आत्यावर कंडक्टर वैतागला. "आत्या, जाताना जत्रा नि येताना शुकशुकाट? साहेबांना काय सांगू मी?"

"जळलं मेलं माझं डोस्कं!" आत्याने कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवसापासून ती महाडच्या स्टँडवर उभी राहून एकेकाला दंडाला धरून गाडीत चढवू लागली. गाडी टिकली. तरी आत्या रोज जातच राहिली. म्हणायची, "मानूस दिसला की गाडीला यावंसं वाटतं."

हल्ली आजूबाजूच्या वाड्यांतल्या मुलीही चालत येऊन हीच गाडी धरतात. परवा मी उतरले, तर त्यांची ही झुंबड. आत्याने सवयीने पिशवी आत टाकली, तर एका मुलीने ती तशीच बाहेर दिली. "आजी, जागा नाय गो!"

आता हिचा उद्धार होणार, असं मला वाटलं. पण आत्याने पिशवी छातीशी धरली. "बघितलंस गो बाई? माझी जागा गेली!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

दारातून सुजाता ओरडली, "आजी, ये ना, चढ!"

"जा गो तू," आत्या म्हणाली. "माझं काय काम हाय म्हाडात? कधीच नव्हतं."