काकाचं स्वेटर

लेकीनं विणायची खुंट्यांची गोल चौकट मागवली. सोबत आलेल्या लोकरीला कसलाच वास नव्हता. माझ्या पहिल्या लोकरीला मात्र विडीचा वास होता.

तेव्हा पुसेगावात काकीनं प्लॅस्टिकच्या पाइपाच्या गोल तुकड्याला काठावर खिळे ठोकून मला तशीच चौकट करून दिली होती. खिळ्यांभोवती धागा गुंडाळायचा, त्यावर दुसरा वेढा घ्यायचा आणि वाकवलेल्या तारेनं खालचा वेढा उचलून खिळ्यापल्याड टाकायचा. सुतळीवर मला हे जमलं, तशी मी लोकर मागितली.

काकीनं खुंटीवरचं काकाचं स्वेटर काढलं. काका कुणाला न सांगता घर सोडून गेला होता. तो येईल म्हणून त्या स्वेटरला कुणी हात लावत नसे. काकीनं दातानं टाका तोडून धागा ओढला. बाही सरसर उसवत गेली.

"काकी, काकाचं हाय ते!" मी किंचाळले.

"ठाऊक हाय. तू लोकरीचा गुंडा कर."

वडील दारात आले. काकी नि ते एकमेकांशी कधी बोलत नसत. निरोप माझ्या तोंडून जायचे.

"विचार तिला, तो आल्यावर थंडीत काय घालील?"

काकीनं पदर सारखा न करता थेट त्यांच्याकडं पाहिलं. "आले तर उन्हाळ्यात यावं त्यांनी."

वडील आल्या पावली परतले. मला काकीची भीतीच वाटली. आज अंगावर काटा येतो तो दुसऱ्याच गोष्टीनं. उसवायचा टाका तिला शोधावा लागला नव्हता. किती दिवस ती तो चाचपत असेल!