डिझेलच्या माणसाची पेट्रोल गाडी

१९ मे, मंगळवार. ऊन कडक. सकाळी दहालाच वारा भाजत होता. संध्याकाळी ढग आले, पाऊस नाही.

एका गाडीतून रोज तीच तीन माणसं ऑफिसला जात असली की किस्से सायलेन्सरमधल्या काजळीसारखे साठत जातात. त्यात राज्याचे दोन तुकडे होऊन वर्ष होत आलेलं. आमच्या खात्यातलं कोण तेलंगणात राहणार नि कोण आंध्रला जाणार, ती यादी काही निघत नव्हती. कामात कुणाचंच लक्ष नाही. मग बोलायचं कशावर? माझ्या गाडीवर!

तिघं म्हणजे मी, रेड्डी आणि जहांगीरभाई. रेड्डी नलगोंड्याचे, जहांगीरभाई जुन्या शहरातले. दोघंही तेलंगणातलेच, त्यांना भीती नाही. माझं तसं नव्हतं. आमचं घराणं चार पिढ्या हैदराबादचं. पण नियम असा की चौथी ते दहावी या सात वर्षांत जिथं जास्त शिकलात, तिथले तुम्ही. वडिलांची बदली झाली होती, म्हणून माझी तीन वर्षं इथं जामबागेत गेली आणि चार कर्नूलला. कर्नूल आता आंध्रात. आणि नल्लकुंट्याच्या घरी एक्याऐंशी वर्षांची आई. तिला म्हटलं, वेळ आलीच तर येशील ना बरोबर? म्हणाली, “मला या घरातून चौघंच उचलून नेतील. तू जा की.”

रेड्डींनी एकदा विचारलं, “सार, सच्ची बोलो, आप किधर के? तेलंगाना के, या आंध्रा के?”

“मराठी,” मी म्हणालो.

जहांगीरभाईंनी मान हलवली. “फारम में तीसरा खाना नहीं है, साब!”

*

अकरा वर्षं मी एकच डिझेल गाडी चालवली. प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज वहीत आहे. पण आंध्र वाट्याला येऊन विजयवाड्याला जावंच लागलं, तर दर शनिवारी घरी यायचं, आणि आईचा फोन आला तर मधल्या वारीसुद्धा. ती म्हातारी गाडी चढावर लॉरीच्या मागं मुकाट्यानं चालायची. तिच्या भरवशावर आईला कसं सोडायचं?

अमेरिकेला निघालेल्या एका सॉफ्टवेअरवाल्याची पेट्रोल टर्बो मिळाली. इंजिनाचा कॉम्प्युटर नव्यानं प्रोग्रॅम केलेला, गाडी खाली बसवलेली, सायलेन्सर गुरगुरणारा. किल्ली देताना तो म्हणाला, “अंकल, ट्यून्ड है. पाँव प्यार से रखना.”

मी इतक्या प्रेमानं ठेवला की पहिल्याच सिग्नलला तीनदा बंद पडली!

*

डिझेल गाडीला किल्ली अर्धी फिरवून कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं. पेट्रोल गाडीला तो दिवाच नसतो. हे डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. एका सकाळी मी किल्ली अर्धी फिरवून बसलो. एक मिनिट झालं.

“क्या हुआ साब?” जहांगीरभाई.

“बत्ती बुझने का इंतजार.”

“कौनसी बत्ती?”

मी डॅशबोर्डवर बोट फिरवून शोधलं. मागच्या सीटवरून रेड्डी हळूच म्हणाले, “रहने दो भाई. उनकू इंतजार की आदत हो गई.”

*

बरकतपुऱ्याच्या पंपावर यादगिरी आहे, अकरा वर्षांच्या ओळखीचा. नवी गाडी पहिल्यांदा नेली. काच खाली करून मी म्हणालो, “डिझेल. फुल.”

यादगिरीनं टाकीचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहिलेलं. त्यानं ते वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. “गाडी तो बदल दिए सार. जुबान कब बदलते?”

तेव्हापासून मी पंपाच्या वळणावर दिसलो की हा लांबूनच ओरडतो, “पेट्रोल सार! पेट्रोल!” सगळी रांग वळून बघते.

*

गाडी एवढी खाली की तिघं बसलो तर आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर ओलांडताना पोट घासायचं. म्हणून दोघं उतरायचे, मी ब्रेकर पार करायचो, मग दोघं चढायचे. रोज!

एक दिवस कॉलेजची तीन पोरं धावत आली. म्हाताऱ्यांची गाडी बंद पडली असं त्यांना वाटलं. मागून ढकलायलाच लागली. इंजिन चालू, गिअर पडलेला, सायलेन्सर गुरगुरतोय, आणि लोक गाडी ढकलतायत! जहांगीरभाईंनी त्यांना थांबवायचं की नाही? ते बाजूला उभे राहून म्हणत होते, “मारो मियाँ, धक्का मारो! रेस की गाडी है!”

*

गाडी झटके द्यायला लागली, म्हणून वाजिद मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीच्या हातात पाना नाही, लॅपटॉप! त्यानं वायर जोडली, पडद्याकडे बराच वेळ बघितलं आणि रिपोर्ट वाईट आलेल्या डॉक्टरसारखा माझ्याकडे वळला.

“साब, दो हजार आरपीएम के ऊपर कभी गए?”

“दो हजार पे गिअर बदलना रहता.”

“वो डिझेल में. ये डिझेल नहीं है.”

“मालूम है.”

“गाडी कू मालूम है साब. आपकूच नहीं मालूम.”

*

एका रविवारी चाचणी घ्यायचं ठरलं. नल्लकुंटा ते विजयवाडा, तिघं, घड्याळ लावून. जुन्या वहीत डिझेलची नोंद होती: चार तास दहा मिनिटं. पोचलो तेव्हा मी नवी नोंद केली: चार तास सात मिनिटं.

रेड्डी वहीत डोकावले. “तीन मिनिट, सार?”

परतीला मी घड्याळ लावलं नाही.

घरी आईनं विचारलं, “किती वेळ लागतो रे तिथनं?” मी सांगितलं. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, “चार तासच ना? तेवढं थांबते की मी.”

*

आणि काल, सोमवारी, नामपल्लीच्या ऑफिसात, मी कुठल्या राज्याचा याची सुनावणी झाली. अधिकारी बाई वयस्क होत्या, शांत. त्यांनी माझी फाइल पानापानानं चाळली आणि तेलुगूत म्हणाल्या, “चौथी ते दहावीचा दाखला यात नाही.”

मी उभा राहिलो. दाखला लावायला माझा हातच झाला नव्हता.

“नसेल तर ‘उपलब्ध नाही’ असं लिहिते,” बाई म्हणाल्या. “मग जन्मठिकाण आणि राहतं घर धरायचं. तुमचं दोन्ही हैदराबाद आहे.” पेन उघडून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

रेड्डी माझ्या मागं उभे होते. कोपर टोचून म्हणाले, “नहीं है बोलो सार.”

जहांगीरभाई छताकडे बघत म्हणाले, “पुराने कागजाँ है मॅडम. मूसी में बह गए होंगे.”

मी म्हणालो, “आहे. घरी आहे. आईच्या कपाटात, वरच्या खणात, निळ्या फाइलीत, अकरावा कागद.”

बाईंनी पेन मिटलं. “एक वाजता मी उठते. तोवर आला नाही, तर ‘उपलब्ध नाही’.”

तेव्हा बारा सत्तावीस झाले होते.

रेड्डी बाईंपाशी थांबले. जहांगीरभाई धावत येऊन गाडीत शेजारी बसले. “साब, ट्राफिक भौत है. पंक्चर हुआ बोल देंगे. चाय पीते बैठेंगे एक बजे तक. साब, सुन रहे क्या?” मी पेडल दाबलं. सीटनं पाठीला धक्का दिला तसे ते दोन्ही हातांनी वरचं हँडल धरून बसले. ब्रेकरवर मी त्यांना उतरवलं नाही. पोट घासलं.

आईनं दार उघडलं. “आज इतक्या लवकर? जेवून जा.”

“किल्ली कुठंय कपाटाची?”

“कशाला हवी?”

“कागद पाहिजे एक.”

तिनं कमरेची किल्ली काढून दिली.

नामपल्ली, नल्लकुंटा, नामपल्ली: एकोणतीस मिनिटं, घरातली चार धरून. बारा छप्पन्नला मी दाखला टेबलावर ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि शिक्का मारला.

निर्णय: आंध्र प्रदेश. विजयवाड्याला रुजू होण्याची तारीख १ जून, सोमवार.