चहाच्या कपावरचा हात

सिद्रामतात्यांच्या पुढ्यात चहा आला की ते आधी कपावर पालथा तळहात ठेवायचे. "काम बोला, मग चा." मैंदर्गीच्या बाजारात आमची पहिली भेट झाली तेव्हा मी साळसूदपणे म्हणालो, काम काही नाही, सहज पाजतोय. तात्यांनी मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "सहज कोन साकर घालत न्हाय, सायब," म्हणाले आणि उठून गेले. दोन्ही चहा मीच प्यालो.

काम होतंच. मोबाइल टॉवरसाठी जागा मिळवून देणाऱ्या एका कंपनीत मी सोलापुरात नोकरीला होतो आणि तात्यांच्या धनगरवस्तीजवळचा उंच माळ कंपनीच्या मनात भरला होता. जमीन गायरान, गावाचा होकार झालेला. पण बिरोबाचं ठाणं त्याच माळावर होतं आणि परतलेली मेंढरं वस्ती पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बसवायची. कुंपण पडलं असतं तर दोन्ही गेलं असतं. गावाने होकार दिला तेव्हा वस्तीतली कर्ती माणसं कळप घेऊन कर्नाटकात उतरली होती. मागे बायका, म्हातारी माणसं आणि तात्या. गुडघ्यांमुळे त्यांचं हिंडणं सुटलं होतं, संशय मात्र धडधाकट होता.

वस्तीलाही विचारलं असं म्हणता यावं म्हणून आमचे साहेब एका दुपारी तिथे गेले. भाषण झालं, पेढे वाटले, शेवटी पाहुणचार म्हणून त्यांनी पानसुपारीचं तबक फिरवलं. बायकांचे हात जागच्या जागी थांबले. या लोकांत सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला. लग्नं तिच्यावर ठरतात. आपल्याला हे ठाऊक नव्हतं, असं साहेब नंतर म्हणाले. तात्यांना ते कधीच पटलं नाही. त्यांनी तबक मागे सारलं आणि कानडीत एवढंच म्हणाले, "बेड." नको.

म्हातारा भाव वाढवतोय, असा साहेबांचा निष्कर्ष. दुसऱ्या कंपनीने पढवलंय, अशी गावात कुजबुज. मलाही पाणी मुरतंय असं वाटायला लागलं, कारण हेच तात्या रोज संध्याकाळी काठी टेकत त्या माळावर चढत आणि फोन हवेत धरून उभे राहत. परमुलखात मेंढरं राखणाऱ्या थोरल्या मुलाचा आवाज तेवढ्या एकाच जागी यायचा, तोही तुटक. मी एकदा मागोमाग गेलो आणि विचारलंच, की फोन पाहिजे आणि टॉवर नको, हे कसं?

"टावर पायजेच की," तात्या म्हणाले. "पोरीलाबी नवरा पायजेच असतो. म्हनून बाप गावाला गेल्यावर सुपारी फोडता व्हय?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

कळप परतेपर्यंत थांबू या, असं मी साहेबांना सांगितलं तर तू फितूर झालास का, असं त्यांनी सरळ विचारलं. माझी चिडचिड झाली, पण मी हटलो नाही. शेवटी कटकट नको म्हणून ते थांबले. पावसाळ्याच्या तोंडावर मेंढरं परतली आणि माळावर बैठक बसली. तात्यांनी मला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं: कुंपण केवढं, जनरेटरचा आवाज किती, गाड्या कुठून येणार. उलटे प्रश्न विचारून विचारून घाम फोडला. वस्तीने ओढ्यापलीकडचा खडकाळ तुकडा दाखवला. आमच्या इंजिनिअरने पाहणी केली, चालेल म्हणाला. तेव्हा कुठे तात्यांनी सुपारी फोडली. माझ्या हातावर अर्धं खांड ठेवताना म्हणाले, "अजून भरवसा न्हाय हां. खांब तितंच हुबा ऱ्हाऊ दे."

खांब तिथेच उभा राहिला.

यंदा एकदा वस्तीवरून मला थोरल्याचा फोन आला. आवाज अगदी स्वच्छ होता. तात्या गेले होते.

दिवसकार्य आटोपल्यावर मी वस्तीवर गेलो. सुनेने चहा आणून ठेवला. ती कंपनी मी केव्हाच सोडली होती, तरी मला तो कप तसाच उचलवेना. मी त्यावर हात ठेवला.

"आधी काम सांगतो," मी म्हणालो. "मागायला काही आलो नाही. तात्यांची फार आठवण आली."

थोरल्याने मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं, अगदी बापासारखं. मग म्हणाला, "आता घ्या."