झाकणावरचं कुंकू

भेटायला आलेली माणसं म्हणतात, "नशीब बघा, वाचलात." मला या वाक्याचा मनापासून राग येतो. दसऱ्याला आम्ही पडलो, आता आषाढ लागला, आणि बायकोला अजून दोघांनी धरून उठवावं लागतं. त्यात नशीब कुठून आलं? मानवतला मोटारी आणि इंजिनं उघडण्यात माझा जन्म गेला. बंद पडलेल्या प्रत्येक इंजिनाला कारण असतं, आणि पुष्कळदा ते कारण दोन पायांवर चालत असतं. या वेळी ते मी होतो.

सात वर्षांपूर्वी मी हौसेनं एक जुनं उडतं यंत्र घेतलं. तीन चाकांचा सांगाडा, त्यावर पुढे-मागे दोन खुर्च्या, पाठीला लहानसं इंजिन आणि पंखा, वर पॅराशूटसारखं कापडी छत. गाव मला पाखरू म्हणायला लागलं आणि मीही ते मिरवलं. मला शिकवणारे उस्ताद मात्र फार कडक होते. "इंजिन आज बंद पडणारच असं धरून उडायचं," ते म्हणायचे. म्हणजे खाली कायम मोकळं रान हवं, आणि उडण्याआधी प्रत्येक भागाला हात लावून बघायचं. इतकी वर्षं मी त्यात कधी कुचराई केली नव्हती.

बायको काही त्यात बसायची नाही. किती मागे लागलो, पण तिचं एकच, "मला माझे पाय जमिनीवरच बरे हायत." मग खंडेनवमीला तिनं दुकानातल्या पान्या-हातोड्यांबरोबर यंत्राचीही पूजा केली आणि आपणहून म्हणाली, "उद्या बसते मी. माझं माहेर वरून दावा." मी लहान पोरासारखा हरखलो.

दसऱ्याच्या सकाळी रानात यंत्र नेल्यावर मी झेंडूचा हार काढला, लिंबू काढलं. पंख्यात गेलं असतं तर पंखाच फुटला असता. तिचा चेहरा उतरला. "समदंच काढायलाव का?" ती म्हणाली. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं हळद-कुंकू पाण्यात घट्ट कालवून पाच जागी बोटं ओढली होती. एक बोट पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर होतं. फडकं माझ्या हातातच होतं. झाकणाची पाळी आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं आणि फडकं खिशात घातलं.

त्या झाकणाला सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पेट्रोल कमी होईल तशी त्यातून टाकीत हवा शिरते. हवा शिरली नाही तर थोड्या वेळानं टाकी पेट्रोल सोडेनाशी होते. हे मी गिऱ्हाइकांना किती वेळा सांगितलंय!

वर गेल्यावर ती हसली. लग्नानंतर तिला इतकं मोठ्यानं हसताना मी ऐकलं नव्हतं. ओढ्यापलीकडे तिचं माहेर, मधे ऊस आणि विजेच्या तारा. उस्तादांच्या शिकवणीनं तिथं जायचंच नव्हतं. पण पुढच्या खुर्चीतून ती "तिकडं, तिकडं" म्हणून हात करत होती. मी गेलो, आणि घराचे पत्रे ओळखू यावेत म्हणून उंची कमी करून गेलो.

इंजिनाचा आवाज एकदम चढला, घसरला आणि थांबला.

"अहो, आवाज कामून बंद झाला?"

"काही नाही. पाय वर घे. घट्ट धर." मी सेल्फ दाबला. घरघरलं आणि विझलं. पुन्हा दाबला. छत वर असलं की यंत्र धाडकन पडत नाही, पण टेकायला जागा लागते, आणि खाली नुसता ऊस. वारं पाठीमागून होतं, वळायला उंची नव्हती. देवा, माझं काहीही कर, हिला सोड, एवढंच मी मनात घोकत होतो. तारा कशाबशा ओलांडल्या आणि नांगरटीत उतरलो. ढेकळात चाक रुतलं, सांगाडा तिच्या अंगावर उलटला.

ती ओरडली नाही. "कमरेखाली काईच कळंना," एवढंच म्हणाली.

लोक बाज आणायला पळाले. सांगायला लाज वाटते, पण तेवढ्यात माझे हात आपोआप टाकीकडे गेले. झाकण फिरवलं तशी टाकीनं हिस्स करून हवा ओढली. भोकात कुंकू वाळून दगड झालं होतं.

परभणीच्या दवाखान्यात मणक्याचं ऑपरेशन झालं. चालतील की नाही, आत्ताच सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती मात्र येईल त्याला सांगायची, "पूजा केली म्हून वाचलो आमी." मी शेजारी बसून मान डोलवायचो. एका दुपारी ती मला म्हणाली, "बरी झाले की त्या यंत्राला नारळ फोडीन." तेव्हा मात्र माझा धीर सुटला. भोक, कुंकू, फडकं, सगळं सांगितलं. तुझी काही चूक नाही, तुला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणालो.



"मंग पुसलं कामून न्हाई?"

"तू रुसली असतीस. बसली नसतीस."

"नसतेच बसले," ती म्हणाली. "चालत घरी गेले असते."