दाराजवळचा पारा

मला लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण पारेकाकांबद्दल लिहील असं दुसरं कुणी आता उरलेलं नाही.

दारूगोळ्याच्या कोठारात आम्ही बरोबरच नोकरी केली. मी कारकून. ते सकाळी आठला आणि दुपारी चारला प्रत्येक शेडमधला पारा वाचून वहीत लिहीत, म्हणून पारेकाका. तापमापक दाराच्या चौकटीशी टांगलेला असे, वाचायला सोपा पडतो म्हणून. त्यात काही गैर आहे असं इतक्या वर्षांत माझ्याही डोक्यात आलं नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांचा जावई सहा नंबरच्या शेडमध्ये हमाल म्हणून लागला. वरच्या थरातल्या पेट्या हलवायचं काम. जेवताना म्हणाला, "मामा, तुमचा छत्तीस म्हणजे शुद्ध थाप. वर पत्र्याखाली अंडं उकडेल."

"मग अंडीच नेत जा, जावईबापू. माझ्या पोरीचे डब्याचे कष्ट वाचतील."

हसले खरे, पण त्याच दुपारी दोनला त्यांनी तापमापक नेऊन वरच्या पेट्यांवर ठेवला. त्रेपन्न. एका पेटीचं झाकण उचललं, तर आंबट वास आला.

तोफेच्या दारूत तिला शांत ठेवणारं एक द्रव्य असतं. उष्णतेनं ते लवकर संपतं. मग दारू आतल्या आत तापत जाते आणि काडी न लावताही पेटते. हे काकांना पाठ होतं. ते तडक साहेबांकडे गेले. मी तिथेच फायली लावत होतो.

"वहीत रकाने दोनच. हा तिसरा आकडा लिहिणार कुठे?" साहेब म्हणाले.

"समासात लिहितो. पण वरचा थर आजच बाहेर काढा, साहेब."

"म्हणजे तुमचे इतक्या वर्षांचे आकडे खोटे, असंच ना?" मग साहेबांचा आवाज मऊ झाला. "मुलीचे दिवस भरत आलेत म्हणे. जावयाला उद्यापासून फाटकावर घेतो. समास कोराच राहू दे."

 काकांनी होकाराची मान हलवली. मीही तोंड उघडलं नाही.

जावयाच्या जागी त्याचाच मित्र आला. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणत. "मला शिडी लागत नाही, तेवढीच सरकारची बचत," असं सांगत तो शेडमध्ये शिरला.

एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, सहा नंबर पेटली. फाटकावरून जावयानं छप्पर उडताना पाहिलं. लंबू आतच होता.

संध्याकाळी जावयानं विचारलं, "मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

काका "हो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो बायकोला घेऊन वेगळा राहायला गेला.

चौकशीत साहेबांनी वही पुढे केली. आदल्या दिवशीचाही आकडा छत्तीस. काकांना विचारलं, तेव्हा ते उभे राहून म्हणाले, "हे दाराजवळचं. वर त्रेपन्न भरलं होतं, पेट्यांना वास येत होता. मी जावयाला काढून घेतलं आणि गप्प बसलो."

बाहेर बाकावर लंबूची बायको बसली होती. काका तिच्यासमोर थांबले. 

तीच म्हणाली, "काका, मला नुसतं दारात येऊन सांगायचं होतंत. मी यांना घराबाहेर पडू दिलं नसतं."

काकांनी हात जोडले. तोवर ती उठून चालू लागली होती.