मान खाली होती, ती का

काल कपाट आवरताना जुन्या कॅमेऱ्याची पेटी उघडली आणि चामड्याचा तो उग्र वास नाकात शिरताच मी नव्या पेठेतल्या, तो जिथे घेतला त्या दुकानात पोहोचलो.

माझे थोरले बंधू अण्णा आजही प्रत्येक समारंभात सांगतात, "कॅमेरा मीच निवडला. ह्यानं मान खाली घालून व्हय म्हटलं." हे साफ चूक आहे.

अण्णा तेव्हा कापडाच्या दुकानात नोकरीला होते. त्यामुळे दोन कॅमेरे समोर येताच भिंगांकडे न पाहता त्यांनी पेटीचे चामडे अंगठ्यात आणि बोटात धरून चोळले. दुकानदार हसला. "अवो मालक, कॅमेरा हाय ह्यो, धोतरजोडी न्हाय!"

त्या क्षणी मी त्यांतला एक कॅमेरा पोटाशी धरून उभा होतो. त्यात मान खाली घालून, वरूनच पाहावे लागे. त्याच्या वरच्या धूसर काचेवर अण्णा उमटले होते. भांग उलट्या बाजूला, कान लाल. ज्यांच्या नजरेला नजर देण्याची आमच्या घरात रीत नव्हती, त्यांना मी प्रथमच मनसोक्त न्याहाळत होतो. आपल्याला यातले काहीच कळत नाही, ही भीती त्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होती. अण्णांना भीती वाटते, हे मला ठाऊकच नव्हते. आणखी पाहावेसे वाटले.

"ह्योच घे, मी सांगतो की," ते घाईने म्हणाले.

माझी निवड त्याआधीच झाली होती. मात्र काचेत काय दिसले, हे सांगितल्यावाचून माझी बाजू सिद्ध होत नाही. आणि ते मी चारचौघांत कधीही सांगणार नाही.